एक ऑर्डर, एक पीडीएफ

ऑर्डर असो, टेंडर असो की गिऱ्हाइकाची तक्रार, ती निकाली निघाली की तिचे सगळे मेल तारखेप्रमाणे लावून एकाच पीडीएफमध्ये ठेवायचे. हे ऑफिसच्या कामातच धरलं पाहिजे, ‘सवड मिळाली तर बघू’ म्हणून सोडायचं काम नाही हे, असं माझं ठाम मत आहे. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका कास्टिंगच्या (धातूच्या ओतकामाच्या) कारखान्यात पत्रव्यवहार आणि डिस्पॅच बघते. हे न केल्याचा त्रास कुणाला होतो ते मला रोज दिसतं.

फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या, धंद्यात आता निम्म्याहून जास्त गोष्टी मेलवरच ठरतात. पी.ओ., म्हणजे खरेदीची ऑर्डर, येते तेव्हा ड्रॉइंगची एक रिव्हिजन (आवृत्ती) असते, पॅटर्न (साचा करायचा नमुना) होईपर्यंत दुसरी आलेली असते. मग मशिनिंग अलाउन्स (मशीनवर कापून काढायला ठेवलेली जादा जाडी) वाढवा, सॅम्पल पाठवा, सॅम्पल पास, लॉट (एका खेपेचा माल) काढा. आणि हे सगळं एका विषयाखाली कधीच येत नाही. गिऱ्हाइकाचा डिझाइनवाला मेलच्या एका साखळीत लिहितो, परचेसवाला नवीन मेल सुरू करतो, क्वालिटीवाला तिसऱ्याच कुठल्या तरी जुन्या मेलला रिप्लाय मारतो.

मध्यंतरी एका गिऱ्हाइकानं लॉट परत पाठवायची भाषा केली. म्हणे, बॉसची (कास्टिंगवरच्या गोल उंचवट्याची) जाडी ड्रॉइंगपेक्षा जास्त आहे. ती जाडी त्यांच्याच माणसानं मान्य केली होती, हे शॉपवरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. पण दाखवायचं कसं? व्यवहार सांभाळणारे आमचे साहेब दुसरीकडं गेलेले. त्यांच्या जागी आलेला पोरगा नवीन, त्याला कुठला मेल कुठं आहे हेच माहीत नाही. तो बिचारा रात्री उशिरापर्यंत बसून शोधत होता. शेवटी मान्यता सापडली ती ‘दिवाळीच्या शुभेच्छा’ असा विषय असलेल्या मेलच्या उत्तरात, खाली एका ओळीत. लॉट वाचला. पण त्या पोरानं काय म्हणून एवढा मनस्ताप सोसायचा? ऑर्डर संपली त्याच आठवड्यात कुणीतरी ते मेल एकत्र बांधले असते, तर ती ओळ दोन मिनिटांत समोर आली असती. कुठला मेल महत्त्वाचा हे काम करणाऱ्यालाच माहीत असतं, नंतर येणाऱ्याला नाही. म्हणून हे काम ज्यानं ऑर्डर सांभाळली त्यानंच करायचं.

आता कसं करायचं ते सांगते, कारण ‘लई वेळ जातो’ ही तक्रार मी पुष्कळ ऐकते.

जीमेलमध्ये साखळी उघडली की वर उजव्या बाजूला प्रिंटरचं चिन्ह असतं. ते दाबून प्रिंटरच्या जागी ‘सेव्ह अ‍ॅज पीडीएफ’ निवडलं की सगळी साखळी एका फाइलमध्ये येते. मात्र दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघा. एक म्हणजे, उत्तराखाली आलेला जुना मजकूर जीमेल प्रिंटमध्ये लपवतं. समोरच्यानं तुमच्या मजकुरातच मधे मधे उत्तरं लिहिली असतील तर ती नीट उमटली आहेत का ते तपासायलाच पाहिजे. दुसरं, अटॅचमेंटचं फक्त नाव छापलं जातं, आतलं ड्रॉइंग येत नाही. ते वेगळं उतरवून त्या मेलच्या मागं जोडावं लागतं.

कॉम्प्युटरवरच्या जुन्या आउटलुकमध्ये बरेच मेल निवडून ‘सेव्ह अ‍ॅज’ केलं की सगळ्यांची मिळून एकच टेक्स्ट फाइल होते. झटपट होतं, म्हणून बरेच जण तिथंच थांबतात. मला ते पटत नाही. कास्टिंगमधल्या कार्बन, सिलिकॉन, मँगनीजच्या प्रमाणाचा तक्ता त्या फाइलमध्ये असा विस्कटतो की कुठला आकडा कशाचा तेच कळत नाही, आणि अटॅचमेंट तर गायबच. त्यापेक्षा मेल निवडून मेमो स्टाइलमध्ये (मेलचा पूर्ण मजकूर छापणारी मांडणी) ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’वर प्रिंट द्या. ऑफिसात अ‍ॅक्रोबॅटचं पैसे भरलेलं व्हर्जन असेल तर आउटलुकमधून निवडलेल्या मेलची थेट पीडीएफ करता येते, तेच सगळ्यात सोयीचं.

वेगवेगळ्या साखळ्यांच्या पीडीएफ जोडायला पीडीएफसॅम बेसिक फुकट मिळतं आणि ते आपल्याच कॉम्प्युटरवर चालतं. यावर मी अडून बसते. ‘पीडीएफ जोडा’ म्हणणाऱ्या कुठल्याही वेबसाइटवर गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग, बँकेचा तपशील, पॅन नंबर चढवायचा नाही. ड्रॉइंग गुप्त ठेवू असं आपण सही करून दिलेलं असतं. ते परक्या सर्व्हरवर टाकायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

आणि पीडीएफ झाली म्हणून मूळ मेल पुसायचे नाहीत. पीडीएफ वाचायला, शोधायला, पुढच्या माणसाच्या हातात द्यायला. मेल कुठून निघाला, कुठल्या सर्व्हरवरून आला, ही माहिती मूळ मेलमध्येच राहते. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’मधून मूळ मेलची ईएमएल फाइल उतरवता येते, महत्त्वाच्या मेलची तेवढी ठेवाच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय. त्याच्या कलम ६३ प्रमाणे असा पुरावा कोर्टात द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलमधल्या मजकुरावरून निघणारी, तिची ओळख पटवणारी आकडे-अक्षरांची खूण) लिहावी लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, मुंबईच्या खेपा वाचल्या. पण तिथं उभं राहायची वेळ आली तर पुरावा आपल्यालाच न्यावा लागणार.

‘प्रिंट काढून फाइलला लाव, कशाला एवढं’ म्हणणारी जुनी मंडळी आमच्याकडंही आहेत. त्यांचा मी मान राखते, पण २०१९ आणि २०२१ चा पूर कोल्हापूरकरांना मी सांगायला नको. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरी, लक्ष्मीपुरीत तळमजल्यावर ज्यांची दुकानं-ऑफिसं होती त्यांना विचारा, कपाटातल्या फायलींचं काय झालं. कागद एकमेकांना चिकटून लगदा झाला. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, कंपनीची हिशेबाची वह्या-पुस्तकं ८ वर्षं. त्यांच्याशी जोडलेला पत्रव्यवहार एवढी वर्षं एकाच कपाटाच्या भरवशावर ठेवायचा नाही. एक प्रत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, एक क्लाउडवर, आणि फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग पी.ओ. नंबर.

मालक लोकांना एक विनंती. माणूस सोडून जाताना त्याच्याकडून फक्त पासवर्ड आणि लॅपटॉप घेऊ नका. नोटीस पिरियडमधले निदान दोन-तीन दिवस त्याला दुसरं कुठलंही काम देऊ नका, चालू ऑर्डरींच्या पीडीएफ बांधू द्या, आणि नवीन माणसाला त्याच्या शेजारी बसवून त्या पीडीएफ उघडून बघू द्या. आमच्याकडं हे आता सुरू झालंय. रात्री बसून मेल शोधणारा तो पोरगाच आता सगळ्यांच्या मागं लागून हे करून घेतो.