समानार्थी म्हणे!

रात्री साडेदहाला लेकीची इंग्रजीची वही घेऊन बसले होते. ‘अटर’चा समानार्थी शब्द ‘कम्प्लीट’, असं पुस्तकातच छापलंय. म्हणून पोरीने वाक्य केलं, माझ्याकडे स्केचपेनांचा ‘अटर सेट’ आहे. त्यावर ही भलीमोठी लाल फुली! कारण? लिहिलेलंच नाही.

अहो, पण पोरीचं चुकलं कुठे? ‘अटर’ मुळात ‘आउटर’चाच भाऊ, पार टोकाचा. तो बहुतेक वेळा नासक्या गोष्टींनाच चिकटतो: नॉनसेन्स, केऑस, फेल्युअर. बसणारही नामाच्या आधीच. ‘द फेल्युअर वॉज अटर’ म्हणून बघा! त्याच अर्थाचा ‘शिअर’ त्याहून वात्रट. ‘लक’पुढे आला की निव्वळ, कड्यापुढे आला की उभा तुटलेला, साडीपुढे आला की आरपार दिसणारा. आणि ‘स्टार्क नेकेड’, म्हणजे पार नागडा? ते मूळचं ‘स्टार्ट नेकेड’. स्टार्ट म्हणजे शेपूट. शेपटीपर्यंत उघडा! हे सांगा की पोरांना, जन्मात विसरणार नाहीत.

आपल्याकडेही तीच गत म्हणा. काळोख मिट्ट असतो, उजेड नसतो. वेडा ठार असतो, शहाणा नाही. हिरवंगार असतं, लालगार कुणी ऐकलंय? पण म्हणून गार, भडक, धमक, कुट्ट यांची एका ओळीत ‘समानार्थी’ म्हणून घोकंपट्टी करून घेतो का आपण?

उद्या बाईंना विचारणारच आहे. तसाही तो सेट कम्प्लीट नाहीच, पिवळा कधीचा हरवलाय.