पास्ता सॅलड म्हणजे आपली कोशिंबीरच की

दर मे महिन्यात आमच्याकडे इंदूरला, सुदामा नगरात सगळे जमतात, पुण्याहून नणंद आणि तिची दोन मुलं, उज्जैनचे काका-काकू, देवासहून माझी बहीण, शिवाय आम्ही घरचे, म्हणजे सतरा-अठरा पानं सहज. आणि दर वर्षी तेच, पोरांसाठी वेगळं काहीतरी, मोठ्यांसाठी वेगळं, सासूबाईंना चावत नाही म्हणून त्यांचं तिसरंच, आणि त्या चाळीस-बेचाळीस डिग्रीत गॅसपाशी उभ्या कोण, तर घरातल्या दोन बायका. बाकी सगळे कूलरसमोर. मला हे कधीच पटलं नाही. म्हणून तीन वर्षं झाली, दुपारी दाल-बाफले (वरण आणि उकडून भाजलेले गव्हाचे गोळे) झाले की संध्याकाळी गच्चीवर मी मोठं पातेलंभर पास्ता सॅलड ठेवते आणि चार वर्षांच्या भाचीपासून ८१ वर्षांच्या सासूबाईंपर्यंत सगळे त्याच पातेल्यातून वाढून घेतात. एक पदार्थ, एक पातेलं. माझं म्हणणं एवढंच आहे की हे करायचं असेल तर पास्ता सॅलड हॉटेलातल्यासारखं करू नका, कोशिंबिरीसारखं करा.

आधी एक सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पहिल्या वर्षी मी बाजारचं मेयोनीज घालून केलं होतं, दुपारी चारला तयार, टेबलावर झाकून ठेवलं, गप्पांत जेवायला साडेआठ झाले. रात्री दोन मुलांना उलट्या सुरू झाल्या, भाचीला पहाटे दवाखान्यात न्यावं लागलं. दोन दिवसांत बरी झाली, पण तिचा तो मलूल चेहरा अजून डोळ्यापुढे येतो. तेव्हा सगळ्यांनी मेयोनीजलाच नावं ठेवली, मी पण. नंतर नीट वाचलं तेव्हा कळलं की शिजवलेला पास्ता आणि शिजवलेला भात या बाबतीत सारखेच, त्यात एका जंतूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत आणि अन्न गरमीत पडून राहिलं की ते वाढतात, उलट्या करणारं विष तयार करतात, आणि ते विष परत गरम करूनही जात नाही. शिजवलेलं अन्न फ्रिजबाहेर दोन तास, आणि हवा ३२ डिग्रीच्या वर असेल तर एकच तास, हा नियम आहे. आपल्याकडे मे महिन्यात संध्याकाळी सात वाजतासुद्धा ३२ च्या वर असतं हो, त्यामुळे एक तासच धरायचा. लिंबू पिळलं म्हणून चालतं असं नाही.

आता पास्ता. काकू दर वेळी म्हणतात, “अगं, मैदा आहे तो, पोटात गोळा होतो.” काकूंचं अगदीच चूक नाही, कारण सुटी मिळणारी स्वस्त मॅकरोनी बऱ्याचदा मैद्याचीच असते आणि तिचा लगदा होतो. पण चांगला पास्ता डुरम गव्हाच्या रव्याचा असतो, इटलीत तर कोरडा पास्ता डुरमचाच हवा असा १९६७ पासूनचा नियम आहे. आणि हा डुरम म्हणजे कोण, तर आपला मालवी गहू, ज्याचे आपण बाफले करतो, लाडू करतो! दाणा इतका कडक की दळला की पीठ कमी आणि रवा जास्त, आणि तो पिवळसर रंग पण दाण्यातलाच. इथे इंदूरलाच दिल्लीच्या पूसा कृषी संशोधन संस्थेचं गव्हाचं केंद्र आहे १९५१ पासून, मालव शक्ती, पूसा तेजस हे डुरमचे वाण तिथलेच. म्हणजे ज्या गव्हाला आपण परका म्हणून नाक मुरडतो तो देवास रस्त्याच्या शेतांत उभा असतो. मी हे काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, मग बाफलेच का नाही करत. पण त्या दिवसापासून वाटीभर जास्त घेतात. पाकिटावर डुरम लिहिलेलं बघून घ्या बस, आणि आकार मळसूत्री घ्या, त्या खाचांत मसाला बसतो. लांब स्पॅगेटी मुलांना आणि म्हाताऱ्यांना दोघांनाही त्रासाची.

शिजवणं. ५०० ग्रॅमला ५ लिटर पाणी, तीन मोठे चमचे मीठ, घाबरू नका, बहुतेक मीठ पाण्यातच जातं. सगळे सांगतात की थोडा कच्चट ठेवा, ते गरम पास्त्यासाठी ठीक आहे. थंड खायचा असेल तर पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं जास्तच द्या, कारण गार झाला की तो परत कडक होतो, शिळ्या भातासारखा, आणि सासूबाईंना मग चावतच नाही. चाळणीत ओतून लगेच पिण्याच्या गार पाण्यानं धुवा, नळाच्या नाही, मग परातीत पसरून पंख्याखाली, त्यावर घाण्यावरचं शेंगदाण्याचं तेल आणि दोन लिंबांचा रस चोळून टाका. खोल भांड्यात कोंबून ठेवलात तर मध्ये तासन्तास गरम राहतो. कोमट आहे तोवरच लिंबू-तेल आत शिरतं, हे मी स्वतः दोन्ही तऱ्हेनं करून बघितलंय. गार झाला की फ्रिजमध्ये.

पुढे सगळी आजीची कोशिंबीर. काकडी कोचवून मीठ लावून दहा मिनिटं ठेवायची आणि घट्ट पिळायची, हे केलं नाही तर तासाभरात तळाला पाणी. अर्धा किलो दह्याचा चक्का रात्री बांधून ठेवायचा, आपण श्रीखंडाला बांधतो तसाच, त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड, पुदिना, किसलेली कैरी, चवीपुरती साखर आणि दाण्याचं कूट. कूटच घाला, अख्खे दाणे नको, लहान मुलांच्या घशात अडकतात, द्राक्षं घालत असाल तर तीही उभी चिरूनच. मक्याचे दाणे, गाजर, शिमला मिर्च बारीक. कांदा आणि हिरवी मिरची वेगळ्या वाटीत, ज्याला हवं तो घेईल. मेयोनीजला जी मलईसारखी चव म्हणून लोक जीव टाकतात ती चक्क्याला आहे, वर आंबटपणा आपला, आणि उन्हात जड वाटत नाही. हे माझं ठाम मत आहे, वाद घालायचा असेल तर गच्चीवर येऊन खाऊन मग घाला.

चक्का सगळा एकदम घालू नका, पास्ता पितो तो. तिसरा हिस्सा बाजूला ठेवा आणि वाढायच्या आधी कालवा, तेव्हाच चाखून मीठ परत घाला, कारण गार अन्नाला मीठ कमी लागल्यासारखं वाटतं. मी दोन पातेली करते, एक परातीत बर्फ घालून त्यावर ठेवते, दुसरं फ्रिजमध्ये, पहिलं संपलं की मगच ते वर जातं. साडेआठला जेवायचं ठरलं तर सव्वाआठला बाहेर काढते, गप्पा कितीही रंगू देत.

आणि जीरावण! आम्ही इंदूरला पोह्यांवर जो मसाला भुरभुरतो तोच, आणि त्यावर बारीक सेव, पण ही ताटात घेतल्यावर, आधी घातलीत तर मऊ पडते. पुण्याच्या भाच्याला मागच्या वर्षी हे इतकं आवडलं की जाताना जीरावणाच्या दोन पुड्या बॅगेत घालून घेऊन गेला.

या रविवारी सतराजण आहोत. दोन पाकिटं आणून ठेवलीत, दही उद्या लावते, शनिवारी रात्री चक्का टांगायचा. काकडी-गाजर यावेळी नणंदेची मुलं आणि आमचे हे चिरणार आहेत, सांगून ठेवलंय.