फटकळ बाईची बाजू

सारा जे. मास यांच्या 'अ कोर्ट ऑफ सिल्व्हर फ्लेम्स' (2021) या जादूच्या दुनियेतल्या प्रेमकादंबरीवरून आमच्या घरात यंदा चांगलीच जुंपली. माझ्या मावसबहिणीची, म्हणजे ताईची, मुलगी चिपळूणला बसून हे जाडजूड पुस्तक वाचते, आईला गोष्ट सांगते आणि मग फोनवर सगळेच त्यात तोंड घालतात. इकडे इंग्लंडमध्ये, लीड्सला, माझ्या मैत्रिणींनीही ते वाचलंय. दोन्हीकडचं ऐकून मला आता माझं म्हणणं मांडायचंय.

नायिका नेस्ता. तोंडाने तिखट, कुणाचे उपकार न मानणारी. घरात खायला नव्हतं तेव्हा धाकटी बहीण शिकारीला जायची आणि ही बसून राहायची. पुढे तिला जबरदस्तीने एका मंतरलेल्या कढईत बुडवून तिचं माणूसपणच बदललं जातं आणि युद्धात तिच्या डोळ्यांदेखत वडिलांची मान मोडली जाते. मग दारू, जुगार, रोज नवा पुरुष. शेकोटीत लाकूड तडकलं की तिला तोच मान मोडल्याचा आवाज ऐकू येतो, म्हणून कडाक्याच्या थंडीतही ती खोलीत जाळ करत नाही. घरच्यांना या आवाजाचं काही ठाऊक नसतं. त्यांना एवढंच दिसतं, की ही वाया चाललीय. ते तिचे पैसे बंद करतात, राहतं घर पाडून टाकतात आणि दहा हजार पायऱ्यांवरच्या एका वाड्यात तिला नेऊन ठेवतात. सकाळी लढाईचं शिक्षण, नंतर ग्रंथालयात काम.

चिपळूणच्या मंडळींचं मत ठाम: बरं केलं! आपलं माणूस वाहवत चाललंय तर घरच्यांनी बघत बसायचं का? लीड्सच्या मैत्रिणींना हेच पटत नाही. सज्ञान बाईला तिच्या मनाविरुद्ध उचलून ठेवणं ही कैदच, मग हेतू कितीही चांगला असो.

इथे राहून मला दुसरी बाजू मोलाची वाटायला लागलीय. इंग्लंडमध्ये मन थाऱ्यावर नसेल तर घरच्यांच्या परवानगीशिवाय, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवायही सरकारी समुपदेशनासाठी स्वतःचं नाव स्वतः नोंदवता येतं. चार लोकांना कळेल ही धास्ती नाही. पण त्याच इंग्लंडमध्ये शेजारची बाई आठवडाभर दिसली नाही तरी दार कुणी वाजवत नाही. चिपळूणला दुसऱ्या दिवशी कुणीतरी आमटीची वाटी घेऊन दारात उभं राहतं. म्हणून नेस्ताला तिच्या माणसांनी सोडलं नाही हे मला पटतं. आधी तिचं घर पाडलं आणि ती थंडीत का कुडकुडत बसते हे विचारलंच नाही, ते मात्र मी कधीच मान्य करणार नाही.

हे इतक्या पोटतिडकीने लिहितेय ते ताईमुळे. तिला विचारूनच लिहितेय. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं तेव्हा ती घरात सासूबाईंसोबत एकटी होती. वीज नाही, फोन लागत नाही. सासूबाईंना खांद्याचा आधार देत तिने वरच्या मजल्यावर चढवलं आणि खाली कपाटं, फ्रीज, लग्नातल्या साड्या बुडताना जिन्यातून पाहिल्या. तेव्हापासून रात्री पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की ती उठते आणि खालचं सामान वर न्यायला लागते. डाळीचे डबे, मिक्सर, मुलीची दप्तरं. कुणी 'झोप आता' म्हणालं की वसकन अंगावर येते. घरात तिला 'फटकळ' म्हणतात. पूर्वी अशी नव्हती, असंही म्हणतात, आणि तिथेच थांबतात.

चिपळुणात वाशिष्ठीतल्या गाळावर भांडणं झाली, पुराच्या पाण्याची हद्द दाखवणाऱ्या लाल आणि निळ्या पूररेषेवर झाली, आणि ती व्हायलाच हवीत. माणसांच्या मनात साचलेल्या गाळाबद्दल कुणी बोलल्याचं मी ऐकलं नाही. मनाच्या त्रासासाठी असलेल्या 14416 या सरकारी 'टेलिमानस' क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, हे ताईला माझ्याकडून कळलं.

नेस्ता प्रेमात पडते म्हणून बरी होते, असं मला मुळीच वाटत नाही. तिला लढाई शिकवणाऱ्या कॅसियनशी तिचं जे काही आहे ते वाचायला गोड आहे, पण तिला उभं करतात त्या तिच्यासोबत शिकणाऱ्या मैत्रिणी, ग्वीन आणि एमरी, दोघीही आपापलं भोगून आलेल्या. त्या तिला उपदेश करत नाहीत, शेजारी उभ्या राहून घाम गाळतात. आणि बरी झाल्यावरही नेस्ताची जीभ तिखटच राहते. भाचीला हेच सगळ्यात आवडलं. मलाही.

ताईच्या घरच्यांना माझं सांगणं आहे: 'झालं गेलं विसर' हे आता पुरे. पावसाच्या रात्री ती उठली की तुम्हीही उठा आणि डब्यांची दुसरी बाजू धरा. आणि जून लागायच्या आत सुताराला बोलावून वरच्या खोलीत भिंतभर फळ्या मारून घ्या. पैसे मी पाठवते.