कुकरात पाणी किती?

आज सकाळी सव्वासातला बेल वाजली. दूध आलेलं, पेपर आलेला. अशा वेळी बेल वाजली की एक तर कोणाकडे पाणी आलेलं नसतं, नाहीतर लिफ्ट अडकलेली असते. दार उघडलं तर वरच्या मजल्यावरची मुलगी. लग्नाला अजून वर्ष व्हायचंय. खांद्याला ऑफिसची बॅग, हातात कुकरचं झाकण. "काका, ही रिंग मुलुंडमध्ये कुठे मिळेल?"

झाकण हातात घ्यायच्या आधीच वास आला. जळक्या रबराचा. हा वास मी झोपेतही ओळखेन.

"कुकरात चपात्या केल्यास ना?"

कसंनुसं हसली बिचारी. म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं?"

अगं बाई, मला नाही कळणार तर कोणाला कळणार! दोन वर्षांपूर्वी हेच झाकण, हाच वास, हाच पराक्रम. या ग्रुपवरच्या जुन्या लोकांना आठवत असेल, मी तेव्हा इथे फोटो टाकला होता आणि तुम्ही सगळे फिदीफिदी हसला होतात. आज हसू नका, कारण माझं डोकं तापलंय. दोन वर्षं झाली तरी तो व्हिडिओ फिरतोच आहे. दर वेळी नवी बाई, नवा कुकर, पार्श्वभूमीला तीच बासरी.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी. रिकामा कुकर मोठ्या आचेवर तापवायचा. चार-पाच चपात्या लाटून, मध्ये पिठी भुरभुरवून, एकावर एक आत ठेवायच्या. झाकण लावायचं. तीन-चार मिनिटांनी उघडलं की सगळ्या टम्म फुगलेल्या. बाई एकेक उचलून दाखवते, मऊसूत, ठिपकेदार. त्या चपात्या तव्यावरच्या आहेत हे माझ्यासारख्या तव्यावर हात भाजून घेतलेल्या माणसाला लगेच कळतं. पण हे आता. तेव्हा कळलं नव्हतं.

तेव्हा बायको मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेलेली. घरात मी आणि आई. बँकेतून व्हीआरएस घेऊन मला तीन महिने झाले होते आणि स्वयंपाक म्हणजे फार तर काय, अशा गुर्मीत मी होतो. आई चौऱ्याऐंशीची आज, तेव्हा ब्याऐंशी. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून लसूण सोलत बसलेली. मी फोन डब्याला टेकवून ठेवला आणि व्हिडिओत सांगितलं तस्संच केलं. दुसऱ्या मिनिटाला वास सुटला. तिसऱ्या मिनिटाला झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह गेला. मधला चंदेरी ठिपका वितळला आणि तिथे नुसतं भोक. उघडलं तर खालची चपाती कोळसा, वरची अर्धवट पापड, आणि मधल्या तीन एकमेकींना अशा चिकटलेल्या की भिजलेल्या वहीची पानं आठवावीत. एक सोलायला गेलो तर तिघी मिळून आल्या.

आई काही ओरडली नाही. हसलीही नाही. तिने एवढंच विचारलं, "कुकरात पाणी किती घातलंस?"

म्हटलं, पाणी नाही घालायचं यात.

"मग कुकर कशाला?"

बस्स. या दोन प्रश्नांवर खरं तर पोस्ट संपायला हवी. पण मी बँकेत पस्तीस वर्षं काढलीयत, मला खुलासा लिहायची खोड आहे.

कुकर म्हणजे जाड भांडं नव्हे. कुकर म्हणजे वाफ. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळतं आणि तिथेच थांबतं. कुकरात वाफ कोंडली की दाब चढतो आणि तेच पाणी १२० अंशांच्या आसपास जातं, म्हणून डाळ लवकर शिजते. पाणीच नसेल तर कसली वाफ आणि कसला दाब. मग तो फक्त एक तापलेला डबा, ज्याला रबराची रिंग लावलेली आहे. आणि तो सेफ्टी व्हॉल्व्ह बिघडला नव्हता, त्याने त्याचं काम केलं. आतलं पाणी आटलं आणि कुकर भलताच तापला की वितळायचं, यासाठीच तो तिथे बसवलेला असतो. चपाती फुगते ती कणकेतल्याच पाण्याची वाफ होते म्हणून. पण त्यासाठी दोन्ही बाजू आधी कडक तव्यावर धरायला लागतात, म्हणजे वाफ आत अडकते. थप्पी लावल्यावर मधल्या चपातीला ना आच ना मोकळीक. ती शेजारणीच्या वाफेत भिजत राहते.

हे सगळं मला नंतर कळलं. आईला आधीच माहीत होतं, फक्त ती अंश वगैरे बोलत नाही.

त्या दिवसापासून मी वही घातली. रविवारी एक व्हिडिओ करून बघायचा आणि खरं की खोटं ते लिहून ठेवायचं. मुलगी म्हणाली, "बाबा, ऑस्ट्रेलियातल्या ॲन रीअर्डन यूट्यूबवर हेच कधीपासून करतायत, त्या शिकलेल्या फूड सायंटिस्ट आहेत." असतील. त्यांच्या दारात आमची आई बसलेली नाही.

मान्य करतो, सगळंच खोटं नाही निघालं. लसणाच्या पाकळ्या झाकणाच्या डब्यात घालून खडाखडा हलवल्या की सालं सुटतात, हे खरं. पण मोठ्या सुक्या लसणाची. आमच्या गावरान बारीक लसणाने तोंडाला पाने पुसली. हात दुखले, साल एक नाही निघालं आणि आईने तेवढ्या वेळात दोन गड्डे सोलून ठेवले. २०१९ मध्ये तो सुरीचं टोक खुपसून पाकळी उपटून काढायचा व्हिडिओ गाजला होता, तोही केला. पाकळी येते. कधीकधी सुरी बोटातही येते. कांदा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून चिरला तर डोळे खरंच कमी झोंबतात, कारण कांदा चिरल्यावर जो वायू उठतो तो थंडीत कमी उठतो. च्युइंगमचा उपयोग शून्य. दातात आगपेटीची काडी धरायची, ही युक्ती खुद्द आमच्या आईची. तीही शून्य. हे तिला सांगितलं तर म्हणाली, "तुला काडी धरता आली नसेल." तेव्हा म्हातारी माणसं म्हणतात ते सगळं बरोबर असतं, असं माझं म्हणणं नाही. एवढं लिहून हा मुद्दा संपवतो.

मिरचीच्या देठांचं दही मात्र मला आवडलं. विरजण नसताना कोमट दुधात चार-पाच देठ टाकून रात्रभर ठेवायचे. दह्याचे जिवाणू देठांवर असतात. पहिलं दही लागलं ते चिकट, जरा विचित्र वासाचं. त्याचंच विरजण लावून दुसऱ्या दिवशी केलेलं दही झकास. व्हिडिओत पहिल्याच दिवशी चाकूने कापावं असं दही. पहिल्या दिवसाचं कोणी दाखवत नाही.

आणि बटाटा! रस्सा खारट झाला, बटाटा टाका, मीठ ओढून घेतो. हे तर आपण सगळ्यांनी पिढ्यानपिढ्या ऐकलंय. मी मुद्दाम उसळ खारट करून दोन पातेल्यांत वाटली, एकात बटाटा, एकात नाही. अर्ध्या तासाने दोन्ही खारट ते खारटच. बटाटा मीठ निवडून खात नाही हो. तो रस्सा पितो, मिठासकट पितो, उरलेला रस्सा जेवढा खारट होता तेवढाच राहतो. मी विजयी मुद्रेने आईला सांगायला गेलो. ती म्हणाली, "नुसता बटाटा कोण टाकतं? वर पाणी नको वाढवायला? आणि ते किती वाढवायचं ते चाखून बघायला नको?"

परत पाणी.

त्या रात्री वही चाळली तर निम्म्या नोंदी पाण्याच्याच. काबुली चण्यात सोडा घातला की लवकर मऊ होतात, खरंय, पण चिमूटभर. व्हिडिओतल्यासारखा चमचाभर घातलात तर वरून लगदा आणि चवीला साबण. आणि आई म्हणते, गावाकडे विहिरीच्या जड पाण्यात डाळ शिजायची नाही, तीच डाळ मुंबईच्या नळाच्या पाण्यात गळून जायची. तेही खरं. जड पाण्यातला चुना डाळीला घट्ट धरून ठेवतो. आपल्याला भातसा, वैतरणा, तानसाचं तलावाचं पाणी मिळतं म्हणून आपली डाळ गरीब. तुमच्या टॉवरला बोअरचं पाणी येत असेल तर माझ्या शिट्ट्या तुम्हाला लागू नाहीत.

नारळ रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून फोडला तर खोबरं करवंटीपासून अख्खं सुटून येतं. हे खरं निघालं, टाळ्या. पण अख्खा नारळ गॅसवर भाजायचा जो व्हिडिओ फिरतोय तो कृपा करून करू नका. आत पाणी आहे, त्याची वाफ होणार, तिला बाहेर यायला वाट नाही. फुटला तर करवंटीचा तुकडा कुठे लागेल सांगता येत नाही. वाटी फोडून घ्या आणि मग आचेवर धरा, खोबरं आपसूक सुटतं. सालासकट अंडं मायक्रोवेव्हमध्ये उकडायचं, हे मी करून बघितलेलं नाही आणि बघणारही नाही. तिथेही तीच गोष्ट, वाफ आणि बंद दार.

आता मला राग कशाचा येतो सांगतो. व्हिडिओ खोटा असतो याचा नाही. जाहिराती काय कमी खोट्या असतात. राग याचा येतो की तो सकाळी सहाच्या माणसाला गाठतो. ही वरची मुलगी. सासू गावाला, नवरा रात्रपाळीचा, हिला सात चाळीसची लोकल. हिला तीस मिनिटांत आठ चपात्या हव्यात. कोणीतरी हिला सांगतं, पाच मिनिटांत होतील. होत नाहीत. मग हिलाच वाटतं की आपलं काहीतरी चुकलं. मला म्हणाली, "माझीच आच कमी-जास्त झाली असेल." अगं, आच नाही! तुझं काहीही चुकलेलं नाही! मी जरा जोरात बोललो. ती दचकली. व्हिडिओ करणाऱ्या कोणाच्याही स्वयंपाकघरात कुकर घासताना कोणी दिसतं का? त्या तळाचा काळा थर मी दोन दिवस भिजवून, पितांबरी लावून काढलाय. तरी कडेला अजून आहे.

तुम्ही म्हणाल, एवढी घाई असेल तर चपात्या विकत आणाव्यात. पोळीभाजी केंद्रं आहेत की कोपऱ्याकोपऱ्यावर. आहेत, आणि असूदेत. त्या तरी कोणीतरी लाटतंच ना?

आईने लाटल्यात. लालबागच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत, अकरा गिरणी कामगारांची खानावळ होती तिची. मी फळीवर झोपलेला असायचो आणि जाग यायची ती पोळपाटाच्या आवाजाने. अशा बायका गिरणगावात घरोघर होत्या. प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी. आई त्यात गेली नाही, आजी नको म्हणाली. मग जानेवारी १९८२ मध्ये संप झाला, माणसं गावाला गेली, खानावळ गेली. पोळपाट राहिला. आजही तोच आहे, मधे खोल झालेला.

तिच्या युक्त्या होत्याच की. कणीक एकदम भिजवायची नाही, पाणी तीनदा घालायचं. शेवटचा हात ओला करून तिंबायची. ओलं फडकं टाकून अर्धा तास ठेवायची, मग लाटताना ती मागे ओढत नाही, हात निम्मा दुखतो. पावसाळ्यात पाणी कमी, उन्हाळ्यात जास्त. किती, ते तिला विचारलं तर म्हणते, "कणीक सांगते." हे तीस सेकंदांत कसं दाखवणार. नाही दाखवता यायचं, मान्य. आणि ज्यांच्या घरी दारात खुर्ची टाकून बसणारं कोणी नाही त्यांनी फोनकडे नाही बघायचं तर कोणाकडे बघायचं, हेही मान्य करावं लागतं. इथे माझा राग जरा ओसरतो.

सकाळी त्या मुलीला मी एवढं सगळं ऐकवत होतो, तिची गाडी चुकत होती. आतून आईने हाक मारली, "कोण आलंय?" मी सांगितलं काय झालं ते. आई म्हणाली, "तिला विचार, कुकरात पाणी किती घातलं होतं."

मुलगी दारातूनच म्हणाली, "आजी, घातलंच नव्हतं."

आतून थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "उद्या सहाला ये. कणीक इथेच भिजवू. आणि डबा घेऊन ये."

तर आता कामाचं. पाच लिटरचा कुकर आहे, बाहेरच्या झाकणाचा. रिंग मिळेल कुठेही, पण व्हॉल्व्हही बदलायचाय आणि तो नीट बसवून देणारा माणूस हवाय. मुलुंड पूर्वेला स्टेशनजवळ एक जण पदपथावर बसायचे, छत्री आणि स्टोव्हही दुरुस्त करायचे, ते हल्ली दिसत नाहीत. कोणाला माहीत असेल तर खाली लिहा. भांडुप-नाहूरपर्यंत चालेल.