फडक्यावर उतरतो तो मळ नव्हे, गाडीचा रंग

‘जुन्या पद्मिनीवर किंवा अ‍ॅम्बेसेडरवर टूथपेस्ट नाहीतर पॉलिश जाड थापा, उन्हात कडक वाळू द्या आणि फडका कोरा येईपर्यंत घासा, निघतो तो वर्षानुवर्षांचा मळ. पांढरे डाग राहिलेच तर थिनरने पुसा.’ हा सल्ला सध्या मोबाइलवरून मोबाइलवर फिरतो आहे.

यातले सर्वांत घातक विधान मळाचे आहे. आजच्या गाड्यांच्या रंगावर पारदर्शक क्लिअरकोट असतो. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या जुन्या पद्मिनीच्या साध्या रंगावर असे कवच नसे. उन्हापावसाने त्या उघड्या रंगाचा वरचा पापुद्रा खडूसारखा भुरका होतो आणि पॉलिशमधले बारीक कण तोच खरवडून काढतात. त्यामुळे स्वच्छ धुतलेल्या गाडीवरून फिरवलेला पांढरा फडका हिरवा झाला, तर तो हिरवा रंग गाडीचाच असतो. थोडा रंग उतरणारच, कारण निर्जीव थर निघाल्याशिवाय चमक येत नाही; परंतु रंगाची एकूण जाडीच मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते आणि अशा रंगावर फडका कोरा येण्याची वाट पाहणाऱ्याला अखेरीस प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, दिसतो. बॉनेटचा उंचवटा, दरवाजांच्या कडा, मागच्या पंखांच्या धारा येथे तो सर्वांत आधी दिसतो. म्हणून जाणता कारागीर या धारांवर चिकटपट्टी लावल्याशिवाय बफिंग मशीन हातात घेत नाही.

टूथपेस्टबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. तीही घासण्याचेच काम करते, पण तिच्या कणांचा जाडपणा दातांसाठी ठरवलेला असतो, रंगासाठी नव्हे.

थिनरचा सल्ला मात्र अक्षम्य आहे. 1920च्या दशकात अमेरिकेतल्या डुपॉन्टने ‘ड्युको’ हा नायट्रोसेल्युलोजचा रंग मोटारींसाठी आणला आणि आपल्याकडे अजूनही कित्येक गॅरेजांत स्प्रेच्या रंगाला सरसकट ‘ड्युको’ म्हणतात. हा रंग केवळ द्रावक उडून गेल्याने सुकतो, म्हणून अनेक वर्षांनीही थिनर लागताच तो पुन्हा विरघळू लागतो. भट्टीत भाजलेला एनॅमल अधिक टिकाव धरतो खरा, पण चार मालक बदललेल्या गाडीवर मधल्या काळात कोणी काय मारले, हे कोण सांगणार? पांढरे डाग म्हणजे वाळून घट्ट बसलेले पॉलिश; त्यावर त्याच पॉलिशचा ताजा थेंब चोळला की ते मऊ होऊन निघते. रबरी पट्ट्यांच्या खाचांतले मऊ ब्रशने काढावे.

वाळू देण्याचा मुद्दा अर्धा खरा आहे, तोही वॅक्सपुरता, म्हणजे चमक टिकवणाऱ्या मेणापुरता. वॅक्स सावलीत, थंड पत्र्यावर, अगदी पातळ लावावे. ते धूसर झाले आणि बोट फिरवल्यावर फराटा स्वच्छ उमटला, की मऊ कोरड्या फडक्याने पुसावे. कण असलेले पॉलिश मात्र एका वेळी हातभर जागेवरच चालवावे आणि डब्यावर वेगळी सूचना नसेल तर कडक होण्याआधीच पुसून घ्यावे. तापलेल्या पत्र्यावर ते चोळून होण्याआधीच सुकते, आणि मग ते काढण्यासाठी लावलेला जोर पुन्हा रंगालाच सोसावा लागतो.