म्हणे, फुल्यांचा मुंबईशी संबंध काय!

क्रॉफर्ड मार्केटचा तो मेसेज काल आत्याने घरच्या ग्रुपवर टाकला. दोनदा गप्प बसलो होतो. पण रात्री भाची तोच मजकूर शाळेच्या प्रकल्पाच्या वहीत उतरवताना दिसली, आणि राहवलं नाही. मेसेजचं म्हणणं असं: मार्केट ही क्रॉफर्डसाहेबाची मुंबईला भेट, दारावरची शिल्पं रुडयार्ड किपलिंगची, भारतातला पहिला विजेचा दिवा तिथलाच, आणि मुंबईशी काडीचा संबंध नसलेल्या फुल्यांचं नाव पुढाऱ्यांनी उगाच त्यावर चिकटवलं.

रुडयार्डचा जन्म डिसेंबर १८६५चा, इमारत पूर्ण झाली १८६९ला. तीन-चार वर्षांचं पोर दगड कोरत नाही. शिल्पं त्याच्या वडिलांची, जे.जे. कला शाळेत शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंग यांची.

दिव्याचं अर्धं खरं, मान्य. १८८२ साली मुंबईत विजेचा उजेड पहिल्यांदा पडला तो इथेच. पण कलकत्त्यात त्याचं प्रात्यक्षिक १८७९लाच झालं होतं.

आता फुले. ज्योतिरावांना ‘महात्मा’ ही पदवी पुण्यात मिळाली नाही. ती मिळाली ११ मे १८८८ रोजी, मुंबईत, मांडवी कोळीवाड्यातल्या सभेत, रावबहादूर वंडेकरांच्या हस्ते. त्यांचं कुठलंही चरित्र उघडून बघा. मांडवी म्हणजे मशीद बंदरचा भाग. मार्केटातून हातगाड्या चुकवत पायी गेलं तरी पोचता येतं. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे याच शहरात गिरणी कामगारांना एकत्र करत होते, ‘दीनबंधू’ हे वृत्तपत्र इथूनच काढत होते. काडीचा संबंध नाही म्हणे!

आणि साहेब? पालिकेचे पहिले आयुक्त, शहराला शिस्त लावली, हे नाकारत नाही. मार्केट त्यांच्या कारकिर्दीत उभं राहिलं, त्यांच्या खिशातून नाही. त्याच १८८८ साली पुण्यात त्यांची लाचखोरीबद्दल चौकशी सुरू झाली. लाच सिद्ध झाली नाही, पण हाताखालच्या माणसांकडून कर्ज घेतल्याचं निघालं आणि नोकरी गेली.

सवयीने मीही क्रॉफर्ड मार्केटच म्हणतो, कंडक्टरही तेच ओरडतो. म्हणा की. पण त्यासाठी फुल्यांना परकं ठरवू नका. दारावरच्या त्या शिल्पपट्टीत शेतकरी आहेत, आणि शेतकऱ्यांसाठी जन्मभर लिहिणाऱ्याचं नाव त्या इमारतीला आहे.

भाचीने ते पान फाडलंय. शनिवारी तिला घेऊन जातोय: आधी ती शिल्पपट्टी, मग चालत मांडवीपर्यंत. आत्यालाही बोलावलंय.