‘सुईत साधी गाठ आली, विषय संपला’? नाही, संपत नाही

कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. स्तनातल्या गाठीची सुईची तपासणी ‘साधी’, म्हणजे कॅन्सर नसलेली, आली की पुढे काही करायला नको, रिपोर्टमध्ये ‘संशयास्पद’ लिहिलं तर कॅन्सर पक्का, आणि पुन्हा तपासणी सांगणारा डॉक्टर पैसे काढतोय. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, या स्लाइड रोज बघते, म्हणून लिहिते.

आधी ‘साधी’चं बघू. बारीक सुईने आम्ही पेशी ओढतो, गाठीचा तुकडा नाही. काचेवर पसरताना त्यांची मूळ मांडणी मोडते. तरुण मुलींमध्ये सर्रास आढळणाऱ्या फायब्रोॲडिनोमा या साध्या गाठीत सांबरशिंगासारखे फाटे फुटलेले पुंजके दिसतात, आजूबाजूला सुटी, उघडी केंद्रकं आणि मधेमधे स्ट्रोमाचे, म्हणजे आधार देणाऱ्या ऊतीचे, तुकडे. पण फायलोडिस नावाच्या दुसऱ्या गाठीतही हेच सगळं असू शकतं! तिथे स्ट्रोमात पेशींची दाटी जास्त असते, पण सुई नेमकी विरळ भागात गेली तर ती दाटी स्लाइडवर येतच नाही. फायलोडिस अपुरी काढली तर पुन्हा उगवू शकते. म्हणून गाठ भराभर वाढत असेल, तर रिपोर्ट ‘साधी’ असूनही जाड सुईची बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणी, करावी लागते. पॅपिलोमाचंही, म्हणजे दुधाच्या नळीत वाढणाऱ्या गाठीचंही, तेच, नुसत्या पेशींवरून खात्री देता येत नाही.

‘संशयास्पद’ म्हणजे कॅन्सर, हेही चूक. स्तनाच्या सुईच्या तपासणीचे रिपोर्ट लिहायच्या योकोहामा पद्धतीत रिपोर्टचे 5 गट आहेत: अपुरा नमुना, साधी, अटिपिकल (पेशी थोड्या वेगळ्या दिसतात), संशयास्पद, कॅन्सर. शेवटचे दोन वेगळे ठेवलेत ते उगीच नाही. गरोदरपणात किंवा बाळ अंगावर पीत असताना केंद्रकं मोठी होतात, पेशी सुट्या पडतात, आणि स्लाइड बघून माझाही हात थबकतो. अशा वेळी फॉर्मवर ‘बाळ 4 महिन्यांचं’ एवढी एक ओळ असली तरी वाचन बदलतं. ती ओळ बहुतेक वेळा नसते, याचा मला फार त्रास होतो.

पैशांचं म्हणाल तर घट्ट, तंतुमय गाठीतून कधीकधी पेशी निघतच नाहीत. मग ‘अपुरा नमुना’ लिहिण्यावाचून पर्याय नसतो, आणि सुई पुन्हा घालावी लागते. खर्चाची अडचण खरी आहे, पण ससूनसारख्या सरकारी रुग्णालयातही ही तपासणी होते. हाताने केलेली तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी आणि सुईचा रिपोर्ट, तिन्ही जुळायला हवेत. एकही फटकून असेल तर सर्जनना विचारा, ‘बायोप्सी करायची का?’ आणि जाताना सोनोग्राफीचा रिपोर्ट, आधीच्या स्लाइड सोबत न्या.